बिऱ्हाड मोडल्यावरचे नट

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जबलपूरच्या रंगभूमीविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचविले. अशा लेखात साधारणपणे कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, दिग्दर्शन कोणाचे होते आणि अध्यक्षस्थान कोणी भूषविले, याची जंत्री येते. ती उपयुक्त असते यात शंका नाही. परंतु तिच्यातून एक प्रश्न निसटून जातो. ज्याला कोणत्याही कंपनीचा पगार नाही, ज्याचे नाव कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नाही, असा नट, तबलजी, रंगभूषाकार किंवा नेपथ्याचा सुतार या शहरात कशाच्या आधारावर उभा राहिला? पडदा पडल्यावर तो कोणाच्या लक्षात राहिला, आणि पुढच्या नाटकाला त्याला कोणी बोलाविले? अशा माणसाला आपण सोयीसाठी 'सुटा कलावंत' म्हणू. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे. त्यासाठी जबलपूरच्या वेशीबाहेर, गोंदियाच्याही पलीकडे थोडे जावे लागेल. परंतु तो रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न तसा नवा नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' उभे राहिले, आणि त्यानंतर अर्धशतकभर मराठी नट हा कंपनीचा माणूस होता. कंपनी म्हणजे नुसती नाटके करणारी संस्था नव्हती. ते एक फिरते बिऱ्हाड होते. एका गावचा मुक्काम आटोपला की पडदे, पेट्या, स्वयंपाकाची भांडी आणि माणसे असा सारा संसार दुसऱ्या गावी निघे. आजारी नटाचे औषधपाणी कंपनीचे, बालभूमिका करणाऱ्या पोरांचे जेवणखाण कंपनीचे, आणि मालकाच्या डोक्यावरचे कर्ज हेदेखील एका अर्थी सगळ्यांचेच. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला, आणि त्याच दशकात एकेका कंपनीचे बिऱ्हाड मोडत गेले. गंधर्व नाटक मंडळीसारख्या वैभवशाली संस्थेलाही ते चुकले नाही. पुढे धंदेवाईक रंगभूमीने पुन्हा मूळ धरले ते मासिक पगारावर नव्हे, तर 'नाइट'वर. एक प्रयोग, एक नाइट, एक पाकीट. मालकाच्या लहरीतून आणि मुक्कामांच्या फरफटीतून नट सुटला, हे चांगलेच झाले. मात्र ज्या छपराखाली त्याला उद्याची भूमिका, परवाची भाकरी आणि शेजारी झोपलेला सारंगीवाला या तिन्ही गोष्टी आयत्या मिळत, ते छप्परही त्याच बरोबर गेले.

जबलपूरकडे वळू. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, ही गोष्ट आपण सभासंमेलनांतून अभिमानाने सांगतो. परंतु येथील मराठी वस्तीचा मोठा भाग त्या काळाचा वारस नाही. तो आला आगगाडीबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर. १८७० साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, नंतर लष्करी वाहनांचा. तारखात्याच्या कार्यशाळा होत्या, आणि राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालयही येथेच आले. नागपूर आणि जबलपूर १८६१ पासून एकाच प्रांतात नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती सोयरीक तुटली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले. त्याच्याबरोबर वकील आले, कारकून आले, त्यांच्या घरातल्या पेट्या-तबले आले.

म्हणजे जबलपूरचा मराठी कलावंत हा पहिल्यापासून नोकरदार. सकाळच्या भोंग्याला कारखान्यात, सायंकाळी गोलबाजारच्या दत्तमंदिरात किंवा तालमीच्या खोलीत. येथील हिंदी कलावंताची स्थितीही निराळी नव्हती. गोविंदगंजच्या रामलीलेला दीडशे वर्षांहून अधिक परंपरा सांगतात. तिच्यातला रामही वर्षभर कोठे तरी दुकानात वा कचेरीत बसणारा. ज्याला केवळ नाटकावरच जगावयाचे असे, त्याला शहर सोडावे लागे. रघुवीर यादव यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. जबलपूरचा हा मुलगा किशोरवयात घर सोडून एका फिरत्या पारशी नाटक कंपनीत गेला आणि दिवसाला अडीच रुपयांवर राहिला. गाणे, वाजविणे, पडदा ओढणे, लागेल ते काम त्याने तेथे केले. तेथून पुढे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग 'मॅसी साहिब' हा चित्रपट, ही सारी नंतरची कहाणी. या कहाणीचा आपण गौरव करतो. परंतु त्या मुलाला अडीच रुपयांचीसुद्धा सोय स्वतःच्या गावात नव्हती, हा तिचा दुसरा अर्थ सहसा कोणी काढीत नाही.

तथापि जबलपूरने सुट्या कलावंतासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. येथे दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही नीट समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे शहीद स्मारक भवन. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणी ज्या पिढीच्या मनात ताज्या होत्या, त्या पिढीने सेठ गोविंददास यांच्या पुढाकाराने हे स्मारक गोलबाजारात उभे केले. सेठजी स्वतः नाटककार. त्यांच्या नाटकांची संख्या शंभराच्या वर जाते. त्यामुळे स्मारक म्हणजे केवळ दगडी स्तंभ न होता तेथे एक सभागृह झाले. त्याच्या भिंती रंगविण्याचे काम बाहेरच्या कोणा नामवंताकडे गेले नाही. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पृष्ठ ज्यांनी अलंकृत केले ते ब्योहार राममनोहर सिन्हा हे जबलपूरचेच. ही भित्तिचित्रे त्यांच्या हातची आहेत. नाट्यगृह बांधताना चित्रकाराला काम मिळावे, आणि ते गावच्या चित्रकाराला मिळावे, ही गोष्ट लहान नाही. आजही त्या भिंतींखाली तालमी करणारी मुले वर मान करून राणी दुर्गावतीकडे पाहतात, तेव्हा एका कलेने दुसरीला हात दिला होता याची त्यांना कल्पना नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९६१ साली जबलपूरात 'विवेचना' नावाची संस्था निघाली. नावाप्रमाणेच ती आरंभी चर्चा आणि विवेचन करणाऱ्यांची होती. हरिशंकर परसाई यांच्यासारखा लेखक ज्या शहरात राहत होता, आणि १९७३ पासून ज्ञानरंजन यांचे 'पहल' जेथून निघू लागले, त्या शहरात अशा संस्थेला श्रोत्यांची वाण नव्हती. १९७५ च्या सुमारास ही मंडळी नाटकाकडे वळली. अलखनंदन यांच्यासारखा दिग्दर्शक तिला लाभला. चौकाचौकांत पथनाट्ये झाली, रंगमंचावर आधुनिक हिंदी नाटके झाली. त्या काळच्या हिंदी रंगभूमीवर मराठी नाटकाचे केवढे ऋण होते हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. वसंत देव यांच्यासारख्या अनुवादकांमुळे तेंडुलकर आणि आळेकर हिंदी नटांच्या तोंडी असे बसले की ते मूळचे मराठी आहेत, याची आठवण करून द्यावी लागे. पुढे अरुण पांडेय यांनी परसाईंच्या लेखनावरून 'निठल्ले की डायरी' उभे केले आणि ते गावोगाव खेळले गेले. १९९० च्या दशकापासून राष्ट्रीय नाट्योत्सव भरू लागले, वीज मंडळाच्या 'तरंग' प्रेक्षागृहात बाहेरगावची नाटके येऊ लागली. अलीकडच्या काळात समागम रंगमंडलाचे 'अगरबत्ती', बेहमईच्या विधवांच्या जगण्यावरचे, दिल्लीपर्यंत गेले.

या संस्थांनी सुट्या कलावंताला दिले काय? पैसा फारसा नाही. तो त्यांच्याजवळ नव्हताच. त्यांनी दिली ती ओळख, आणि ही ओळख फार कामाची होती. परसाईंच्या व्यंगाला आवाज देणारा तरुण आकाशवाणीच्या नभोनाट्यात शिरला, तेथील वादक नाटकाच्या तालमीला आला, त्या वादकाने दत्तमंदिरातल्या भजनाला साथ केली, आणि त्याच आठवड्यात तो बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेतही बसलेला दिसला. जबलपूरात भाषेच्या भिंती आहेत. पण तबलजीला, रंगभूषाकाराला आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला त्या भिंती लागू नाहीत. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांना ज्यांनी दाढ्यामिशा चिकटविल्या, त्यांनीच रामलीलेतल्या रावणालाही रंगविले. मराठी, हिंदी आणि बंगाली रंगभूमी या शहरात एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. त्यांचा जो काही संबंध आहे तो या पाठीमागच्या माणसांच्या द्वारा आहे, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे सर्वांत शेवटी, बारीक टाइपात येतात.

या व्यवस्थेचा दोषही याच जागी आहे. ज्याला कारखान्याची किंवा बँकेची नोकरी आहे, त्या नटाला ओळख पुरते. त्याचा संसार नाटकावर नाही. मानधन मिळाले तर उत्तम, न मिळाले तर चहा मिळाला. परंतु तबलजीला नोकरी नसते. पडदे भाड्याने देणाऱ्याला नोकरी नसते. त्याच्या लेखी 'हौशी' या शब्दाला अर्थ नाही. कलेची सेवा करणाऱ्या संस्थेने त्याच्याकडूनही सेवेचीच अपेक्षा धरावी, आणि पाकिटाचा विषय निघताच 'कार्यक्रम आटोपू द्या, मग बघू' म्हणावे, हे जबलपूरातच घडते असे नाही. बृहन्महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळांत थोड्याफार फरकाने हेच चालते. नोकरदार नट आणि बिननोकरीचा वादक यांना एकाच मापाने मोजल्यामुळे दुसरा हळूहळू लग्नाच्या वरातीतल्या बँडकडे जातो. तेथे निदान त्याच रात्री पैसे मिळतात.

यावर सरकारी उपाय झाला नाही असे नाही. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळला भारत भवन उघडले, ब. व. कारंत यांच्या नेतृत्वाखाली तेथे 'रंगमंडल' स्थापन झाले. नटांना दरमहा वेतन, दिवसभर तालीम, बुंदेली, माळवी आणि छत्तीसगढी बोलींत नाटके. ब्रेख्तचे 'कॉकेशियन चॉक सर्कल' तेथे बुंदेलीत अवतरले. जुन्या कंपनीचे बिऱ्हाडच जणू सरकारने पुन्हा थाटले. जबलपूरहून अलखनंदनही तिकडे गेले. कामाचा दर्जा निःसंशय उच्च होता. परंतु हे बिऱ्हाडही पुढे मोडले. जे पगारावर होते ते पुन्हा सुटे झाले, आणि ज्या गावांतून त्यांना उचलले होते त्या गावांत दरम्यान त्यांची जागा राहिली नव्हती.

आता गोंदियाच्या पलीकडे जाण्याचे कारण सांगतो. जबलपूर-नैनपूर-बालाघाट-गोंदिया ही छोटी लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली. आपल्याकडे ग्वारीघाटाच्या रस्त्यावर तिचे नाव एका फाटकाने अजून जपून ठेवले आहे. २०१५ साली जबलपूरच्या बाजूची ही गाडी बंद झाली आणि काही वर्षांनी त्या मार्गावर मोठे रूळ आले. या लाइनीने सातपुडा ओलांडला की भाताचा मुलूख लागतो आणि बालाघाट जिल्ह्यातच मराठी कानावर पडू लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा तो जंगलपट्टा म्हणजे झाडीपट्टी. पुण्यामुंबईच्या नाट्येतिहासाच्या पुस्तकांत हिला एखादे पान मिळाले तरी पुष्कळ. वस्तुतः सुट्या कलावंताचा प्रश्न मराठी मुलखात कोणी सोडविला असेल, तर तो या झाडीपट्टीने, आणि तोही कोणाच्या अनुदानाची वाट न पाहता.

तेथील नाटकाचे मूळ 'दंडार' या लोकनाट्यात आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या आणि दंडारीच्या अभ्यासात आयुष्य वेचले आहे. जिज्ञासूंनी त्यांचे लेखन अवश्य पाहावे. दिवाळी झाली, धान घरात आले, की गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि मंडईच्या रात्री नाटक असलेच पाहिजे अशी रीत आहे. मुली माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामाला उतरतात, उपवर मुलामुलींची पाहणी होते; सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळतात. प्रेक्षागृह म्हणजे गावाबाहेरचे शेत. जमीन खणून बैठकीची जागा सखल करावयाची, निघालेल्या मातीचा रंगमंच उंच करावयाचा, भोवती कापडी कनात ठोकावयाची. रात्री दहाच्या सुमारास नांदी होते आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो.

या सगळ्याची सूत्रे हलतात वडसा गावातून. वडसा म्हणजे देसाईगंज, गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गडचिरोली जिल्ह्यातले गाव. तेथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने आहेत आणि त्यांवर नटनट्यांच्या चित्रांच्या पाट्या झळकतात. मात्र ही कंपनी गंधर्वांची कंपनी नव्हे. तिच्याकडे बिऱ्हाड नाही, पगारी नट नाही. गावच्या तरुणांचे मंडळ वडशाला येते, नाटक आणि तारीख पसंत करते, इसार देते. कंपनी त्या तारखेसाठी नट, नटी, ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला, प्रॉम्प्टर, रंगभूषाकार अशी माणसे बांधते. प्रत्येक माणूस नाइटवर. मोसमाच्या आरंभीच त्याच्या वहीत तारखा भरतात. तिकीटविक्रीचा नफातोटा गावाचा. पाऊस आला तरी नटाची नाइट ठरलेली असते. एका कंपनीशी कोणी जन्माचा बांधलेला नाही, पण वडशाच्या त्या रस्त्यावर सर्वांची सर्वांशी ओळख. कोणाचा आवाज बसला, कोणाची तारीख मोकळी आहे, कोणत्या नव्या मुलीला गाता येते, ही वार्ता चहाच्या टपरीवर मिळते. नाइटने तोडलेला संबंध मोसमाने पुन्हा जोडला, असे याचे वर्णन करता येईल.

झाडीपट्टीचे उगाच गुणगान करण्याचे कारण नाही. तालमी अपुऱ्या होतात. प्रॉम्प्टरचा आवाज कित्येकदा नटाच्या आधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. कथानकाचा काडीचाही संबंध नसताना मध्येच लावणी घुसते, आणि ती नेहमीच अभिरुचीला धरून असते असे नाही. मोसम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या काळात नट शेतावर जातो, नाही तर उसनवारीवर राहतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा चालू मोसमाचे शेपूट तुटले, पुढचा मोसमही बुडाला. आणि ज्या व्यवस्थेत लेखी करार थोडे, विमा नाही, तिची उणीव तेव्हा उघडी पडली. तरीही ती रंगभूमी पुन्हा उभी राहिली, कारण ती मागणीवर उभी आहे. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे हे गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे शेतकरी. पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. पुण्यामुंबईच्या किती नटांना हा आकडा गाठता आला असेल?

जबलपूरला झाडीपट्टी करता येणार नाही. आपल्याकडे धानाचा मोसम नाही, मंडई नाही, आणि रात्रभर बसणारा प्रेक्षक तर मुळीच नाही. परंतु तेथली एक गोष्ट येथे आणण्याजोगी आहे, आणि तिला पैसाही थोडाच लागतो. ती म्हणजे आधी ठरलेली तारीख आणि त्याच रात्री मिळणारी नाइट. गणेशोत्सव, कोजागरी, रामलीला, दुर्गापूजा, विवेचनाचा उत्सव, हे सारे जबलपूरच्या पंचांगात एकामागून एक येतात. श्रावणातच या संस्थांच्या कार्यवाहांनी एकत्र बसून आपापल्या तारखा एकमेकांस सांगितल्या, तर एका तबलजीचे तीन महिने भरू शकतात. एका रंगभूषाकाराला एकाच रात्री तीन ठिकाणची बोलावणी आणि मग पंधरा दिवस रिकामे, असे होणार नाही. त्याला किती द्यावयाचे ते आधी कागदावर यावे, आणि हार-तुऱ्यांच्या खर्चाआधी ती रक्कम अंदाजपत्रकात मांडली जावी. नाटकाच्या खर्चात शाल-श्रीफळ वाढत गेले आणि वादनाची रक्कम वर्षानुवर्षे तेथल्या तेथेच राहिली, हे कोणत्याही मंडळाचे जुने जमाखर्च पाहिल्यास दिसून येईल.

आणखी एक. आपल्या घरांतून आता मराठी नाटक बसविणारी तिसरी पिढी पुण्या-बंगळुराकडे गेली आहे. नाटकाला दहा मराठी माणसे जमविणे अवघड झाले, अशी तक्रार प्रत्येक बैठकीत होते. पण मराठी बोलीचा कान असलेले हिंदी नट या शहरात आहेत. शेजारच्या बालाघाटात मराठी घरात वाढलेली, झाडीपट्टीचे नाटक पाहिलेली मुले आहेत, आणि त्यांच्यातली काही शिक्षणासाठी जबलपूरलाच येतात. त्यांना आपण प्रेक्षक म्हणूनही कधी बोलाविलेले नाही. बेळगाव-गोव्याकडचे आणि विदर्भातले उच्चार ज्यांना रंगमंचावर खटकतात, त्यांना झाडीबोलीही खटकेल. पण रंगभूमीवर शुद्धलेखनाची परीक्षा घ्यावयाची नसते.

ज्यांना ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी भाऊबीज आटोपल्यावर निघावे. जबलपूरहून गोंदिया, तेथे गाडी बदलून वडसा. स्टेशनाबाहेर कोणालाही विचारले तरी आज नाटक कोणत्या गावी आहे ते सांगतील. सोबत एक जाड शाल असावी. खेळ पहाटेपर्यंत चालतो, आणि धानाच्या शेतातली थंडी जबलपूरपेक्षा कडक असते.